पस्तिसास एक

१

दुपारचं जेवण झालं की सुपारीचं खांड तोंडात टाकून कृष्णकांत दिघे पाच मिनिटं झोपाळ्यावर बसत आणि एकच्या सुमारास मागच्या खोलीत जात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. नवीन पनवेलातलं त्यांचं रो-हाउस काही मोठं नव्हतं. पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि अगदी मागे, मोरीला लागून, दहा बाय आठची एक खोली. नकाशात तिला 'स्टोअर' म्हटलं होतं. तिथे त्यांनी आपला जुना ड्रॉइंग बोर्ड उभा केला होता, खिडकीपाशी टेबल टाकलं होतं आणि भिंतभर फळ्या ठोकल्या होत्या.

फळ्यांवर लष्कर उभं होतं. जीपगाड्या, ट्रक, ओढून न्यायच्या तोफा, रेडक्रॉसची गाडी आणि रणगाडे. सगळं पस्तिसास एक या प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीचे पस्तीस इंच तिथे एक इंच. मुंबईच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात होते ते. चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, सायकलची जुनी चेन, शर्टाची बटणं, बूट पॉलिशच्या डब्यांचा पत्रा, असल्या वस्तूंतून ते वीतभर लांबीचा रणगाडा असा उभा करत, की बघणाऱ्याला त्याचं वजन जाणवावं.

लोकांना तो म्हातारपणचा छंद वाटे. शेजारपाजारचे पाहुण्यांना घेऊन येत, "काका, जरा रणगाडे दाखवा ना यांना!" कृष्णकांत दाखवत, पण हात लावू देत नसत. आणि हे सगळं कोणासाठी चाललं आहे, ते सांगतही नसत.

ते चाललं होतं दत्तासाठी. दत्ता त्यांचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर तो रणगाड्याचा ड्रायव्हर होता. रणगाडा पेटला आणि त्यात तो गेला. आधी तार आली, मग इंग्रजी पत्र आलं, मग त्याची काळी ट्रंक आली. देह आला नाही. पहिली दोन वर्षं प्रजासत्ताक दिनाला त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहीत. तिसऱ्या वर्षी ते थांबलं. एखाद्या चौकाला, एखाद्या बोळाला त्याचं नाव द्यावं म्हणून जिथे अर्ज करायचे तिथे कृष्णकांतांनी करून पाहिले आणि मग तेही थांबले. गावाला दत्ता नको होता तर नको. घरातल्या एका खोलीत तरी त्याची पलटण उभी राहील, असं त्यांनी ठरवलं.

दोन वर्षांत सगळं झालं, फक्त दत्ताचा स्वतःचा रणगाडा राहिला होता. तो त्यांनी एक्याण्णव सालच्या गणपती विसर्जनानंतर करायला घेतला.

२

या रणगाड्यासाठी ते एका लष्करी छावणीत जाऊन आले होते. तिथे त्याच बनावटीचा एक जुना रणगाडा चौथऱ्यावर ठेवलेला होता. पहारेकरी हटकेपर्यंत त्यांनी टेपने जमेल तेवढं मोजून घेतलं. उरलेलं सांगितलं उदयसिंहने.

उदयसिंह त्याच रणगाड्यात तोफ चालवायला होता. मूळचा राजस्थानातला. फौजेतून सुटल्यावर तळोज्याच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांचा मुकादम म्हणून लागला, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पनवेलजवळ नोकरी लागल्याबरोबर तो पत्ता शोधत दिघ्यांच्या घरी आला होता. तेव्हा आई होती. तिच्या पायांशी बसून त्याने सांगितलं होतं, "माताजी, गोळा लागला आणि दत्ताभाई जागेवरच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि त्यानंतर ती सहा वर्षं बऱ्यापैकी शांत जगली. तेव्हापासून दर अकरा डिसेंबरला उदयसिंह जेवायला येई. कृष्णकांतांच्या पत्नी रोहिणीबाई त्या दिवशी दत्ताच्या आवडीचं वालाचं बिरडं करत. उदयसिंह ते निमूटपणे खाई, पानात काही टाकत नसे, आणि उजेड असतानाच परत जाई.

गेल्या वर्षी त्याने जेवणानंतर आगपेटीच्या काड्या मांडून दाखवलं होतं. रणगाडा असा, उसाचं शेत डावीकडे, तोफ शेताकडे वळलेली. कृष्णकांतांनी ते वहीत टिपून घेतलं होतं. रणगाड्याची तोफ ज्या घुमटात बसवलेली असते, त्याला टरेट म्हणतात. तो गोल फिरतो. त्याच्या पुढे, खालच्या अंगाला, उजव्या बाजूला ड्रायव्हरची जागा आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी झाकण. कृष्णकांतांनी हे झाकण पॉलिशच्या डब्याच्या पत्र्याचं केलं, टाचणीची बिजागरी लावून नखाने उघडता येईल असं. तोफेसाठी रोहिणीबाईंची स्वेटर विणायची ॲल्युमिनियमची सुई घेतली. टरेट लाकडी खुंटीवर सैल बसवलं. आत पोकळच ठेवलं. माणसं करायची नाहीत हा त्यांचा नियम होता. दोनदा त्यांनी मेणाचा दत्ता करून पाहिला होता, पण चेहरा आठवत असूनही हातात येत नव्हता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रंग वाळला. वहीतल्या टिपणाप्रमाणे कृष्णकांतांनी तोफ डावीकडे वळवून ठेवली आणि रोहिणीबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या.

"एवढ्याशा जागेत बसायचे का हो भाऊजी?" त्या म्हणाल्या.

कृष्णकांतांनी नखाने झाकण उचललं आणि परत बसवलं.

३

दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की तोफ थोडी उजवीकडे आली आहे.

थोडी म्हणजे सुईच्या जाडीइतकी. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं. त्यांना वाटलं, गंगाबाईचं फडकं लागलं असेल. गंगाबाई त्यांच्याकडे धुणंभांडी आणि केरवारा करायला यायची. त्यांनी तोफ परत जागेवर नेली आणि घुमटाच्या कडेला टोकदार पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रेघ सरकलेली होती.

"गंगाबाई, टेबलावर हात नको लावत जाऊस."

"मी नाय लावत, भाऊ. ती तुमची खेळनी पडली तर माझ्यावर यायचं."

थंडी पडू लागली होती. थंडीत लाकूड आक्रसतं, खुंटी सैल होते, आणि रेल्वेरुळावरून मालगाडी गेली की कपाटातल्या कपबशासुद्धा किणकिणतात. एकतीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला एवढी कारणं पुरली. तरी त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली, आणि रोज एक वाजता कोनमापकाने कोन मोजून वहीत लिहायला सुरुवात केली.

तोफ रोज उजवीकडे येत होती. धक्क्याने सरकलेली वस्तू कधी इकडे जाते, कधी तिकडे. ही एकाच दिशेने येत होती आणि रोज सारखंच अंतर. जणू आतून कोणी चाक फिरवत होतं. नवव्या दिवशी ती ड्रायव्हरच्या झाकणावर येऊन थांबली.

कृष्णकांतांनी बोटाने ती मागे ढकलली. हलली नाही. टरेट उचलून काढायला गेले, तर तेही निघेना. सैल खुंटीवर नुसता टेकवलेला पुठ्ठ्याचा घुमट, आणि तो असा बसला होता, जसं काही ओतीव लोखंड असावं. जोर लावला तर मोडेल, असं मनाशी म्हणून त्यांनी हात मागे घेतला. खरं म्हणजे बोटांना ते गरम लागलं होतं. खिडकीतून ऊन येतंच होतं म्हणा.

४

आवाज पहिल्यांदा गंगाबाईने ऐकला. सकाळी ती मोरीत कपडे धूत होती. धुणं अर्धवट टाकून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वयनी, मागल्या खोलीत कायतरी हाय. ठोकतंय."

"उंदीर असेल," रोहिणीबाई म्हणाल्या.

"उंदीर कुरतडतो, वयनी, ठोकत नाय. आनी हाक मारल्यागत ठोकतंय. आमी वीटभट्टीवर असताना एक कामकरी मातीखाली गावला होता, तो असाच ठोकीत होता." तिने हातावरचा फेस लुगड्याला पुसला. "मी नाय त्या मोरीत बसनार. कपडे मी अंगनात धुवीन."

कृष्णकांत हे ऐकत पेपर वाचत होते. दुपारी एक वाजता त्यांनी कुलूप काढलं, पंखा बंद केला आणि स्टुलावर बसून राहिले. कॉलनीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. नळाचं पाणी गेलेलं, पोरं शाळेत, बायका आडव्या झालेल्या. वीस-पंचवीस मिनिटं काही झालं नाही. मग टेबलावरून आवाज आला. अगदी बारीक. पत्र्यावर टाचणीचं डोकं आपटावं तसा. तीन-चारदा, मग थोडा थांबून पुन्हा, मग घाईने पाच-सहादा.

उन्हाने पत्रा तापतो आणि वाजतो. त्यांनी खिडकीवर जाड चादर लावली. खोलीत अंधारून आलं, थंडावा आला. आवाज थांबला नाही.

त्यांनी भिंग काढलं. ड्रॉइंग ऑफिसातलं, स्टँडवर बसवलेलं मोठं भिंग. झाकणावर ते धरलं आणि पाहिलं. प्रत्येक ठोक्याला झाकणाची कड केसभर वर उचलली जात होती, वरच्या सुईला अडकत होती आणि खाली बसत होती.

५

त्या दिवशी कृष्णकांत रडले-ओरडले नाहीत. त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. बोर्डावर कागद लावला आणि मोजमापांवरून खऱ्या रणगाड्याचा पुढचा भाग काढला, वरून आणि बाजूने. झाकण किती उघडतं त्याची कमान काढली. मग ट्रेसिंग पेपरवर टरेट आणि तोफ काढून तो कागद टाचणीवर फिरवला.

तोफ डावीकडे असली तर झाकण पूर्ण उघडत होतं. मागे असली तरी उघडत होतं. एवढ्या मोठ्या वर्तुळात फक्त थोडीशी जागा अशी होती, की तिथे तोफ थांबली तर झाकण बोटभरही उचललं जात नव्हतं. आणि आतून वर टरेटमध्ये यायची वाटसुद्धा त्याच जागी बंद होत होती. टेबलावरची सुई बरोबर त्या जागेवर होती.

पेन्सिल ठेवून ते बसून राहिले. त्यांना दत्ताची शेवटची रजा आठवली. ऑगस्ट एकाहत्तर. जुन्या पनवेलातली दोन खोल्यांची जागा, ओटीवर दत्ता आणि ते. दत्ता मॅट्रिकला दोनदा बसून नापास झाला, तेव्हा त्याला भरतीला घेऊन गेले होते ते कृष्णकांतच. घरात नवी नवरी होती, जागा नव्हती, दत्ताचं उनाड हिंडणं डोळ्यांत खुपत होतं. त्या रजेत फौजेत आठ वर्षं काढलेला दत्ता खालमानेने म्हणाला होता, "दादा, झाकण लावून आत बसलं की मला श्वास घेता येत नाही. कोणाला सांगितलं तर हसतील. दुसऱ्या कामावर टाका म्हणून साहेबांना अर्ज करायचाय. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू लिहून देतोस?"

"सवय होईल," कृष्णकांत म्हणाले होते. "असले अर्ज केले की माणसाची किंमत जाते."

दत्ताने पुन्हा विचारलं नाही. रजा संपायच्या आधी दोन दिवस तो निघून गेला.

हे त्यांनी वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, रोहिणीबाईंना नाही. फळ्यांवरच्या त्या सगळ्या गाड्यांनाच काय ते ठाऊक असेल.

६

अकरा डिसेंबरला उदयसिंह आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी, पन्नाशीला आलेला ताठ माणूस. रोहिणीबाई पानं घ्यायच्या तयारीत होत्या.

"जेवण मागाहून," कृष्णकांत म्हणाले. "आधी चल, तुला दत्ताचा रणगाडा दाखवतो."

उदयसिंह हौसेने मागोमाग आला आणि खोलीच्या उंबऱ्यातच थांबला. फळ्यांकडे त्याने पाहिलंच नाही. टेबलाकडे पाहिलं, मग कृष्णकांतांकडे, मग परत टेबलाकडे.

"भाऊसाब, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय कुणी सांगितलं?"

"तोफ."

"तू सांगितलंस डावीकडे होती. मी डावीकडेच ठेवली होती."

"मग ती हलवा."

"माझ्याच्याने हलत नाही. तू हलवून बघ."

उदयसिंहने हात पुढे केला आणि टेबलाला लागायच्या आत मागे घेतला. तेवढ्यात आवाज सुरू झाला. त्या दिवशी तो स्पष्ट होता, चांगला दारापर्यंत ऐकू येत होता. उदयसिंहने 'हे काय आहे' असं विचारलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने दोन्ही गुडघे छातीशी घेतले. कृष्णकांतांना सगळ्यात भयंकर वाटलं ते हेच. त्याला तो आवाज ओळखीचा होता.

"गोळा मागे लागला होता," तो म्हणाला. "इंजिनाला. दत्ताभाईला काही झालं नव्हतं. मी तोफ उजवीकडे फिरवत होतो आणि करंट गेला. तोफ त्याच्या झाकणावर थांबली. मागून आग येत होती. साहेब बोलले, उतरा."

"आणि तोफ?"

"हाताने फिरवायचं चाक असतं. माझ्या गुडघ्यापाशी. वीतभर सरकवली असती तरी बस होतं. अर्धा मिनिट."

"मग?"

"मी उतरलो, भाऊसाब."

स्वयंपाकघरातून रोहिणीबाईंनी विचारलं, "अहो, पापड तळू का?"

"तो काही म्हणाला?" कृष्णकांतांनी विचारलं.

"माझं नाव घेत होता. 'उदय, तोफ काढ, तोफ काढ.' मग पान्याने ठोकायला लागला. आम्ही उसात शिरलो. तिथपर्यंत ऐकू येत होतं. नंतर दारूगोळ्याचा स्फोट झाला."

"आईने तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता, उदयसिंह. अकरा वर्षं तू या घरात जेवलास."

"आलो नसतो तर तुम्ही कधीतरी विचारलं असतं की हा का येत नाही." उदयसिंह भिंतीला धरून उठला. "दर वर्षी घास उतरत नव्हता. दर वर्षी सगळं खाऊन जात होतो."

"निघ," कृष्णकांत म्हणाले.

तो मागच्या दाराने गेला. सफरचंदांची पिशवी उंबऱ्यातच राहिली.

७

कृष्णकांतांनी दार लावून घेतलं. भ्याड, हरामखोर, अर्धं मिनिट देता आलं नाही तुला. असं काही तरी ते पुटपुटत होते आणि खणातून करवत काढत होते. लाकडात नक्षी कापायची, बारीक पात्याची. तोफ फिरत नसेल तर कापून काढू. ॲल्युमिनियमची सुई, नवं पातं. चार वेळा मागेपुढे केलं की तुकडा पडेल आणि झाकण मोकळं होईल. आपण उदयसिंह नाही.

नेमकी जागा बघायला त्यांनी भिंग ओढलं.

झाकण या वेळी खाली बसलं नव्हतं. सुईला टेकून तसंच उचललेलं राहिलं होतं आणि खाली काळी फट दिसत होती. फटीच्या कडेवर चार ठिपके होते. राखाडी, खसखशीच्या दाण्याहून बारीक, एका ओळीत. पत्र्याचा कीस असेल, रंगाचे कण असतील. कृष्णकांतांनी फुंकर मारली.

ठिपके उडाले नाहीत. ते कडेवर आवळले गेले.

हातात करवत होती. पातं सुईवर टेकलेलंही होतं. त्या क्षणी कृष्णकांतांना भीती वाटली नाही. त्यांना इतकंच वाटलं, की हे झाकण उघडलं की त्यातून जे कोणी वर येईल ते तोंड उघडून काहीतरी विचारेल, आणि ते काय विचारेल हे आपल्याला ठाऊक आहे. ते उदयसिंहबद्दल विचारणार नाही. ऑगस्टमधल्या त्या अर्जाबद्दल विचारेल.

त्यांनी करवत टेबलावर ठेवली. आवाज होऊ नये अशी, हळूच. स्टूल मागे सारलं, बाहेर आले, कडी घातली, कुलूप लावलं. मागे ठोकणं सुरू झालं होतं. जोरजोराने.

"उदयसिंह न जेवता गेले?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"त्याला बरं वाटत नव्हतं."

"आणि तुमचा चेहरा असा का?"

"वाढ," ते म्हणाले, आणि बसून जेवले. बिरडं पुन्हा मागून घेतलं.

८

तीन दिवस आवाज येत राहिला. रोहिणीबाईंनाही ऐकू येऊ लागला. त्यांनी उंदराचं औषध आणलं, मग दाराला कान लावून पाहिला आणि औषधाची पुडी न फोडता कचऱ्यात टाकली.

"आत काय आहे हो?" त्यांनी एकदाच विचारलं.

"काही नाही."

"कोणीतरी दमलंय असं वाटतं ऐकून."

त्यानंतर त्या दिवसभर वरच्या खोलीतच बसू लागल्या. गंगाबाईने दुसरी कामं धरली. कृष्णकांत झोपाळ्यावर बसून राहत, किल्ली मुठीत धरून. मनात हिशेब मांडत. करवत टेबलावरच आहे. आत जायचं, चारदा ओढायचं, डोळे मिटून बाहेर यायचं. दर वेळी ते मोरीपर्यंत जात आणि पाय धुऊन परत येत.

चौथ्या दिवशी दुपारी उदयसिंह फाटकाशी आला. दाढी वाढलेली, हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि सुतळीचं बंडल.

"तळोज्यातही ऐकू येतंय मला," तो म्हणाला. "पाळीवर असलो तरी. ते पाण्यात सोडून देऊ, भाऊसाब. अस्थी सोडतात तसं."

कृष्णकांतांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. फार वेळ लागला नाही. उदयसिंह डबा छातीशी धरून बाहेर आला. सुतळीचे वेढेच्या वेढे त्याने डब्याभोवती घातले होते.

"झाकण बघितलंस?"

"डोळे मिटून उचललं."

९

नदीकाठच्या आपटा गावाला जाणारी एस.टी. अर्धी रिकामी होती. उदयसिंह खिडकीशी बसला, डबा मांडीवर. इंजिनाच्या थरथरीने डब्याचा पत्रा वाजत होता. दोघेही डब्याकडे बघत होते आणि दोघांनाही तो आवाज इंजिनाचा वाटत होता. शिरढोणच्या थांब्याला टपावर टोपल्या चढवायच्या म्हणून ड्रायव्हरने गाडी बंद केली. सगळी गाडी स्तब्ध झाली. पत्रा वाजत राहिला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

"कोंबडी हाय का?" त्याने विचारलं.

"हो," कृष्णकांत म्हणाले.

"बिळं पाडा झाकनाला. मरंल ती."

आपट्याला उतरून ते पाताळगंगेच्या काठाने गावाच्या खालच्या अंगाला गेले. माणसं नव्हती. फक्त पलीकडच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. उदयसिंहने एक धोंडा शोधून डब्याला बांधला. पँट वर दुमडून तो पाण्यात शिरला. पाणी कमरेला आलं तेव्हा थांबला आणि डबा खाली सोडून दिला.

बुडबुडे आले. कुठलाही रिकामा डबा बुडताना येतात तसे, भसाभसा. मग थांबले. कृष्णकांतांनी श्वास सोडला. वीस वर्षांत असा मोकळा श्वास त्यांनी घेतला नव्हता.

मग एक बुडबुडा आला.

बराच वेळ काही नाही, आणि मग दुसरा. मग तिसरा. डब्यात एवढी हवा नव्हती. वीतभर पुठ्ठ्याच्या वस्तूत तर नव्हतीच. पलीकडच्या बाईने कपडे पिळले, टोपलीत भरले आणि ती निघून गेली. बुडबुडे एकेक करून येतच होते, थांबून थांबून, जपून घेतल्यासारखे.

उदयसिंह तिथेच पाण्यात उभा होता. मागे न बघता त्याने विचारलं, "भाऊसाब, काढू का?"

डबा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. नुसतं वाकायचं होतं.

कृष्णकांतांना प्रश्न नीट ऐकू आला होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चल," ते म्हणाले. "साडेचारची गाडी चुकेल."

उदयसिंह पाण्याबाहेर आला. त्यांच्याकडे न बघता त्याने पँट खाली सोडली, चपला हातात घेतल्या आणि तो पुढे चालू लागला. काठ चढून वर आल्यावर कृष्णकांतांनी एकदाच वळून पाहिलं. नदी संथ होती. बुडबुडे अजून येत होते, आणि आता ते लवकर लवकर येत होते.